उजेडाने मोजलेली आग

१ जानेवारी १९९० पासून जगाची तापमानश्रेणी बदलली. सामान्य माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही, पण तापमान मोजणाऱ्यांच्या जगात ही मोठी उलथापालथ होती. १९२७ साली पहिली आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरली तेव्हा ६६० अंश सेल्सिअसपासून सोन्याच्या गोठणबिंदूपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या मोजणीने १०६३ अंशांपर्यंत, प्रमाण मानलेले साधन होते थर्मोकपल : एक तार प्लॅटिनमची, दुसरी प्लॅटिनम-ऱ्होडियमची. १९९० च्या श्रेणीत या जोडीला प्रमाण साधन म्हणून जागाच उरली नाही. चांदी गोठते त्या ९६१.७८ अंशांच्या वर तापमान किती, हे आता एकाच गोष्टीवरून ठरते, आणि ती म्हणजे तापलेल्या पोकळीतून बाहेर पडणारा उजेड. औष्णिक वीजकेंद्रांतले बॉयलर मात्र त्या वर्षी थर्मोकपलच्या आकड्यांवर चालत होते आणि आजही बहुतांशी तसेच चालतात. प्रयोगशाळेने ज्याचे प्रमाणपद काढून घेतले त्याच्यावर वीजकेंद्रांनी विसंबून राहावे, यात वरवर पाहता मोठी विसंगती आहे.

ऑप्टिकल फायबरचे सेन्सर या विसंगतीच्या मधोमध उभे आहेत. त्यांच्याबद्दल सहसा लिहिले जाते ते असे : जुनी तार गेली, नवा तंतू आला, मोजमाप अधिक अचूक झाले. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. आगीत घातलेली कोणतीही वस्तू आगीमुळे बदलते, आणि बदललेली वस्तू खोटी साक्ष देते. उच्च तापमान मोजण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. उजेडाच्या आधारे ती अडचण १९०० पर्यंत तत्त्वतः सुटली होती. उरला होता तो उजेड नेमका कुठून येतोय हे पक्के करण्याचा प्रश्न, आणि राख, धूर व ज्वाळांनी भरलेल्या बॉयलरच्या पोटात तो जवळपास न सुटणारा होता. फायबरचे खरे काम हा प्रश्न सोडवण्याचे आहे; अचूकता हा त्याचा जोडफायदा.

सुरुवात बॉयलरपासून होत नाही, कुंभाराच्या भट्टीपासून होते. स्टॅफर्डशायरमधला जोसाया वेजवुड हा इंग्लंडमधला नामांकित चिनीमाती उत्पादक. भट्टीचा ताव कमीजास्त झाला की त्याचा अख्खा घाणा वाया जाई, आणि पाऱ्याचा तापमापी त्या उष्णतेच्या जवळपासही पोचत नव्हता, कारण पारा साधारण ३५७ अंशांना उकळतो. १७८२ साली वेजवुडने रॉयल सोसायटीपुढे आपला उपाय मांडला. मातीचे छोटे ठोकळे भट्टीत ठेवायचे, निवल्यावर बाहेर काढायचे आणि ते किती आकसले ते पाहायचे. त्यासाठी त्याने २४ इंच लांबीच्या दोन पितळी पट्ट्या एका पाटीवर बसवल्या होत्या. एका टोकाला त्यांच्यात अर्ध्या इंचाचे अंतर, दुसऱ्या टोकाला ०.३ इंचाचे, आणि लांबीवर २४० खुणा. ठोकळा या निमुळत्या खोबणीत सरकवायचा. जिथे अडेल तिथला आकडा म्हणजे भट्टीचा ताव. युक्ती इतकी सुबक होती की युरोपभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी ती उचलली, आणि पुढच्याच वर्षी वेजवुड रॉयल सोसायटीचा सभासद झाला.

हे मोजमाप मात्र साफ चुकीचे होते. वेजवुडने आपली श्रेणी फॅरनहाइटशी जोडली तेव्हा त्याच्या एका अंशाला १३० अंश फॅरनहाइट अशी किंमत आली, आणि बीड वितळण्याचे तापमान निघाले १७,९७७ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ दहा हजार अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात बीड साडेअकराशे-बाराशे अंशांच्या आसपास वितळते. वेजवुड निष्काळजी नव्हता. त्याच्याइतका काटेकोर माणूस त्या धंद्यात शोधून सापडला नसता. दोष साधनाच्या पोटातच होता. माती आकसते ती तिचे कण एकमेकांत भाजून घट्ट होतात म्हणून, आणि ते किती घट्ट होतील हे तापमानाइतकेच माती कुठली आणि आगीत किती वेळ राहिली यावरही ठरते. मातीची खाण बदलली की मापही बदले. म्हणजे वेजवुड मोजत होता तो आगीने मातीवर केलेला परिणाम, आणि समजत होता की आपण आग मोजतो आहोत. हा गोंधळ पुढे वेगवेगळ्या वेषांत दोनशे वर्षे टिकला, म्हणून त्याच्याजवळ थोडे रेंगाळलो.

थर्मोकपल या गोंधळातून बाहेर पडण्याचा प्रयत्न होता. दोन वेगवेगळ्या धातूंचा सांधा तापवला की विद्युतप्रवाह वाहतो, हे बर्लिनमध्ये टोमास झेबेकला १८२१ मध्ये दिसले. पॅरिसचा क्लोद पुये याने १८३० च्या दशकात त्यावर पायरोमीटर बनवला, शिवाय तापलेल्या धातूच्या रंगांना अंशांचे आकडे जोडले : पहिली लाली ५२५ अंशांना, चेरीसारखा लाल ९०० ला, पांढरा १३०० ला. लोहारांना जे डोळ्यांनी कळत होते ते त्याने कागदावर आणले. तारांचा मार्ग मात्र लवकरच बदनाम झाला. लोखंड आणि प्लॅटिनमची जोडी कधी एक सांगे, कधी दुसरे, आणि रेन्योसारख्या मातब्बर प्रयोगकर्त्याने तिच्यावर फुली मारली. १८८६ च्या सुमारास आंरी ल शातलिए याने प्लॅटिनमच्या तारेला १० टक्के ऱ्होडियमवाल्या प्लॅटिनमची तार जोडली आणि तारा एकजिनसी असल्या तर आकडे स्थिर राहतात हे दाखवले. शंभर वर्षांच्या राज्याची ही सुरुवात. पुढे निकेल-क्रोमियमच्या स्वस्त मिश्रधातूंमुळे थर्मोकपल प्रत्येक कारखान्याच्या आवाक्यात आले.

तरी वेजवुडची अडचण संपली नव्हती, फक्त मंद झाली होती. तारेत निर्माण होणारा दाब, अर्थात व्होल्टेज, तारेच्या घटकांवर अवलंबून असतो, आणि गरम, गंधकमिश्रित, राखाळ हवेत हे घटक बदलत जातात. क्रोमियम ऑक्सिजनशी जुळते, एका तारेतला धातू दुसरीत शिरतो, कण मोठे होतात. तार तुटली तर निदान कळते. ती तुटत नाही, आकडा दाखवत राहते, आणि तो आकडा महिन्यागणिक थोडाथोडा सरकतो. तुटलेल्या साधनापेक्षा हे जास्त धोक्याचे, कारण कंट्रोल रूममधल्या पडद्यावर खरा आकडा आणि सरकलेला आकडा सारखेच दिसतात.

याच काळात जर्मनीत दुसरी वाट तयार होत होती. १८५९-६० मध्ये गुस्टाव किर्खहोफने दाखवून दिले की सगळ्या बाजूंनी बंद, एकसमान तापलेल्या पोकळीतले प्रारण फक्त तापमानावर आणि तरंगलांबीवर अवलंबून असते. भिंती कशाच्या आहेत याचा त्याच्याशी संबंध नसतो. वेजवुडच्या मातीला आणि ल शातलिएच्या तारेला जे जमले नव्हते ते इथे निसर्गानेच बहाल केले होते : पदार्थाची पर्वा न करणारे माप. १८८७ मध्ये शार्लोटनबुर्गला स्थापन झालेल्या जर्मन साम्राज्याच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत ते हाताशी आले. संस्थेला पडलेला प्रश्न धंदेवाईक होता. गॅसचे आणि विजेचे दिवे यांच्यात चढाओढ होती आणि उजेडाचे भरवशाचे प्रमाण हवे होते. १८९५ मध्ये विल्हेल्म वीन आणि ओटो लुमर यांनी सुचवले की पोकळीला बारीक भोक पाडा आणि त्यातून येणारा उजेड मोजा. पुढे विजेने तापवलेल्या अशा पोकळ्यांवर लुमर, प्रिंग्सहाइम, कुर्लबाउम आणि रुबेन्स यांनी केलेल्या मोजमापांशी जुळवून घेताना १९०० च्या ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये मॅक्स प्लांक आपल्या सूत्रापाशी पोचला. क्वांटम भौतिकीचा जन्म म्हणून आपण ते वर्ष लक्षात ठेवतो. तापमापनाच्या दृष्टीने ते आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. उजेड मोजून तापमान सांगण्याचा नियम आता सापडला होता, आणि तो कोणत्याही मातीवर वा धातूवर अवलंबून नव्हता.

इथे साहजिकच कुणी विचारेल की नियम सापडल्यावर वीजकेंद्रांनी तारा फेकून का दिल्या नाहीत. १९०१ मध्येच होलबोर्न आणि कुर्लबाउम यांचा पायरोमीटर तयार होता : दुर्बिणीतून तापलेली वस्तू पाहायची, मधल्या दिव्याच्या तारेचा प्रवाह वाढवत न्यायचा, आणि तार त्या पार्श्वभूमीत दिसेनाशी झाली की आकडा वाचायचा. पोलादाच्या कारखान्यांत तो रुळला. बॉयलरमध्ये त्याची डाळ शिजली नाही, कारण बॉयलरच्या झरोक्यातून दिसणारा उजेड कुणाचा, हेच सांगता येत नाही. समोरच्या नळीचा? नळीवर साचलेल्या राखेचा? मधे उडणाऱ्या जळत्या कोळशाच्या कणांचा, की नळीवरून परावर्तित झालेल्या ज्वाळेचा? नळी ज्वाळेपेक्षा शेकडो अंशांनी थंड असते, पण तिच्या पृष्ठभागावरून ज्वाळेचा उजेड परततो आणि पायरोमीटर तिला आहे त्यापेक्षा जास्त तापवून दाखवतो. किर्खहोफचा नियम बंद पोकळीपुरता खरा. प्रत्येक उघड्या पृष्ठभागाला स्वतःची उत्सर्जकता असते आणि राखेचा थर चढला की तीही बदलते. उजेड खरा बोलत होता, पण एकाच वेळी दहाजण बोलत होते.

शिवाय सुरुवातीच्या बॉयलरना आगीचे तापमान मोजण्याची गरजही फारशी नव्हती. एकोणिसाव्या शतकात भीती होती ती दाबाची. बॉयलर फुटून माणसे मरत, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, तपासनीस आणि कायदे आले. पुढे १९२३ मध्ये भारतातही बॉयलर कायदा झाला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले तेव्हा आग कशी आहे हे भट्टीवाल्याच्या नजरेवर सोडलेले होते, आणि त्याने काही अडत नव्हते. अडू लागले ते कोळशाची पूड करून ती हवेत उधळत जाळायला लागल्यावर. अमेरिकेत मिलवॉकीच्या ओनाइडा स्ट्रीट केंद्रात १९१८ पासून त्याचे प्रयोग झाले आणि तिथल्याच लेकसाइड केंद्रात ते मोठ्या प्रमाणावर आले. आता भट्टीच्या गाभ्यात राख वितळू लागली. ती वितळलेली राख वरच्या, वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांपर्यंत पोचली तर तिथे गोठून क्लिंकर होतो, वायूची वाट बुजते आणि युनिट बंद करावे लागते. म्हणून भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान राखेच्या मऊ होण्याच्या बिंदूखाली आहे की नाही, हा कळीचा आकडा ठरला. तो मोजायला उघडे थर्मोकपल निरुपयोगी, कारण भोवतालच्या पाण्याच्या थंड भिंतींना ते आपली उष्णता देऊन टाकते आणि शंभरहून अधिक अंश कमी सांगू शकते. यावरचा उपाय होता ओढ-पायरोमीटर : कित्येक मीटर लांबीची, आतून पाणी खेळवलेली नळी, टोकाला कवचाआड थर्मोकपल, आणि त्याच्यावरून वायू जोराने ओढून घेण्याची सोय. आकडा चांगला येतो, पण ते धूड दोन-तीन माणसांनी झरोक्यातून आत ढकलायचे असते. चाचणीपुरते ते ठीक. रात्रंदिवस देखरेख त्याने होत नाही.

यापेक्षाही अवघड प्रश्न नळीच्या धातूचा, आणि तो एडिस्टोन या अमेरिकी वीजकेंद्राने ऐरणीवर आणला. १९५७ मध्ये ओहायो राज्यातल्या फिलो केंद्राच्या सहाव्या युनिटने जगातली पहिली व्यापारी सुपरक्रिटिकल वाफ तयार केली. तिचे तापमान ६२१ अंश. त्यापाठोपाठ फिलाडेल्फियाजवळच्या एडिस्टोन केंद्राचे पहिले युनिट आले. ३२५ मेगावॉट, दाब ५००० पीएसआय, वाफ ६४९ अंश. अभियंत्यांच्या पिढीला वाटले की तापमानाची ही चढण अशीच चालू राहणार. तसे झाले नाही. सुपरहीटरच्या नळ्यांवर कोळशाच्या राखेतले क्षार वितळून धातू खाऊ लागले, जाड ऑस्टेनिटिक पोलादाच्या नळमार्गांना तापण्या-निवण्यात तडे गेले, आणि एडिस्टोनने आपले बहुतेक आयुष्य ६१० अंशांवर काढले. अमेरिकेतली नंतरची युनिट मुकाट्याने ५३८ ते ५६५ अंशांच्या पट्ट्यात परतली. २०११ मध्ये एडिस्टोनचे ते युनिट बंद झाले तोवर त्याच्या मूळ तापमानाच्या वर व्यापारी केंद्रांपैकी कुणी गेले नव्हते.

ही माघार धातुशास्त्राची, मोजमापाची नव्हे, असा आक्षेप इथे रास्तपणे घेता येईल. पोलादच पुरे पडले नाही तर तापमापी काय करणार? आक्षेप अर्धा खरा आहे. नव्वदच्या दशकात वाफ पुन्हा सहाशेकडे गेली ती ९ टक्के क्रोमियमच्या सुधारित पोलादासारख्या धातूंमुळे, सेन्सरमुळे नाही. पण उरलेला अर्धा भाग बघायला हवा. १९५२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या लार्सन आणि मिलर यांनी तापलेल्या धातूचे आयुर्मान काढण्याचे एक साधे समीकरण दिले. त्यात नेहमीचा स्थिरांक २० धरला तर ६०० अंशांवर एक लाख तास टिकणारी नळी त्याच ताणाखाली ६१० अंशांवर जेमतेम ५२ हजार तास टिकते, आणि ६२० वर साडेसत्तावीस हजार. दहा अंशांत आयुष्य निम्मे. उलट बाजूला, बाजारातले साधे के-प्रकारचे नवे कोरे थर्मोकपलसुद्धा ६०० अंशांवर साडेचार अंश इकडेतिकडे चालते असे मानकच सांगते. म्हणजे साधन निर्दोष असूनही नळीच्या आयुष्याच्या अंदाजात चौथाई हिस्सा संशयित. त्यात तार सरकली की हिशेब आणखी ढळतो. नळी किती तापते हे पक्के माहीत नसेल तर अभियंता सावधगिरी म्हणून खाली उतरतो. पोलादाची मर्यादा आणि अज्ञानाची मर्यादा या दोन्ही एकाच आकड्यात बेमालूम मिसळतात.

आणि अज्ञान केवढे होते ते बॉयलरच्या पेंटहाउसमध्ये दिसते. भट्टीच्या छताच्या वर ही एक काळोखी, कोंदट पोकळी असते. सुपरहीटर आणि रीहीटरच्या शेकडो नळ्या छतातून वर येऊन इथे जाडजूड हेडरना मिळतात. धातूच्या तापमानाचे थर्मोकपल बसवलेले असतात ते याच ठिकाणी, नळीच्या वरच्या टोकाला. कारण उघड आहे. खाली प्रत्यक्ष आगीच्या झोतात वेल्ड केलेली तार राखेच्या माऱ्यात काही महिन्यांत संपते, आणि बदलायची तर अख्खे युनिट बंद करावे लागते. पण पेंटहाउसमध्ये आग पोचत नाही. तिथली नळी आतल्या वाफेचे तापमान सांगते. दहा-पंधरा मीटर खाली, ज्वाळेसमोरच्या वाकणावर तीच नळी कितीतरी जास्त तापलेली असते. वर्षे जातात तशी नळीच्या आतून वाफेमुळे ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, उष्णता वाफेत जायला अडते आणि धातू आणखी तापतो. पेंटहाउसमधला आकडा मात्र तसाच. दोन्हींमधला फरक अभियंते गणिताने भरून काढतात. चंद्रपूर असो वा कोराडी, मोठ्या कोळसा-बॉयलरमध्ये ट्यूब लीकेज हे युनिट अचानक बंद पडण्याचे नेहमीचे कारण; त्यातल्या अतितापाच्या प्रकरणांत नळी फुटल्यावर तिचा तुकडा कापून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून, ती किती तापली होती हे मागाहून ठरवले जाते.

फायबर या जगात आला तो दुसऱ्याच कामासाठी घडलेला. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवले. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी काच पुरेशी शुद्ध केली तर दूरसंचारासाठी ती चालेल असे मांडले, आणि १९७० मध्ये कॉर्निंगने तशी काच काढली. या सगळ्यांचे लक्ष लांब अंतरावर होते, आगीवर नव्हते. सिलिकाचा तंतू हजार अंशांच्या आसपास ठिसूळ होतो, त्याच्या गाभ्यात मिसळलेली द्रव्ये पसरू लागतात, आणि त्यावरचे प्लॅस्टिकचे नेहमीचे आवरण तर शंभर अंशही सोसत नाही. भट्टीच्या दृष्टीने हा नाजूक पाहुणा.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रे डिल्स यांनी निराळा तंतू घेतला. कृत्रिम सफायरची, म्हणजे एकसंध अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकाची बारीक कांडी. सफायर २००० अंशांच्या पुढे वितळतो आणि पारदर्शक असतो. डिल्स यांनी कांडीच्या टोकावर उच्चतापसह धातूचा पातळ थर चढवला, म्हणजे टोकाशी एक इवलीशी बंद पोकळी तयार झाली. हे टोक वायूत खुपसले की धातूची टोपी वायूच्या तापमानाला येते, टोपीच्या आतल्या बाजूचे प्रारण सफायरमधून मागे जाते, पुढे साध्या सिलिका फायबरमधून शोधकापर्यंत पोचते, आणि प्लांकच्या सूत्राने तापमान निघते. टोपीबाहेर राख आहे की ज्वाळा, याने आतल्या उजेडाचे स्वरूप बदलत नाही. शार्लोटनबुर्गच्या टेबलावरची पोकळी आता पेन्सिलच्या शिशाहून बारीक होऊन थेट आगीत शिरली होती. होलबोर्न-कुर्लबाउम पायरोमीटरला जे सांगता येत नव्हते, उजेड कुणाचा, ते आता निर्विवाद होते. डिल्स यांचे लक्ष जेट इंजिनांसारख्या यंत्रांमधल्या वायूंवर होते, बॉयलर त्यांच्या मनात पहिला नसावा. पण माझ्या दृष्टीने या इतिहासातला कलाटणीचा क्षण हाच.

यावरचा सर्वांत जड आक्षेप असा की सफायरही शेवटी आगीत घातलेली वस्तूच. वितळलेली राख त्यालाही खाते. त्याला सिलिका फायबरसारखा बाहेरचा काचथर नसतो, त्यामुळे पृष्ठभागावर काजळी बसली की उजेड गळतो आणि तापमान कमी दिसते. मग वेजवुडच्या मातीत आणि यात फरक तो काय? फरक आहे, आणि तो प्रकाराचा आहे. मातीत आणि तारेत मोजायचा गुणधर्मच बिघडतो. सफायरमध्ये बिघडते ती वाट, आणि वाटेचा बिघाड वेगळा ओळखता येतो. दोन तरंगलांबींचे गुणोत्तर घेतले तर दोन्हींना सारखीच लागणारी गळती बरीचशी वजा होते. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात आन्बो वांग यांच्या गटाने त्याही पुढे जाऊन उजेडाची तीव्रता मोजणेच सोडले. सफायरच्या तुकड्यातला प्रकाशमार्ग तापमानाने किती बदलतो हे व्यतिकरणाच्या पट्ट्यांवरून वाचले. काजळीने पट्टे फिके होतात, पण जागचे हलत नाहीत. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मदतीने असा सेन्सर फ्लोरिडातल्या पोक वीजकेंद्राच्या गॅसिफायरमध्ये बसवला गेला. तिथे कोळशाचा वायू होतो, राख द्रवरूपात भिंतीवरून वाहते आणि थर्मोकपल आठवड्यांच्या हिशेबाने मरतात. सफायरचा सेन्सर काही महिने चालला. गॅसिफायर म्हणजे बॉयलर नव्हे हे मान्य. पण राखेच्या बाबतीत तो बॉयलरपेक्षा कठोरच परीक्षक आहे.

दुसरी वाट कोलकात्यातून निघते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांना विखुरलेल्या उजेडात जो बदललेला अंश सापडला, त्यातला जास्त ऊर्जेचा भाग पदार्थाच्या रेणूंच्या कंपनांवर, पर्यायाने तापमानावर अवलंबून असतो. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये जॉन डाकिन आणि सहकाऱ्यांनी फायबरमध्ये लेसरचा छोटा ठोका सोडून परत येणारा हा रामन-उजेड मोजला. ठोका एक मीटर जाऊन यायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, तेव्हा किती वेळाने काय परतले यावरून तंतूच्या प्रत्येक मीटरचे तापमान कळते. शेकडो तारांच्या जागी एक धागा. केबलचे बोगदे, तेलविहिरी, कोळशाचे पट्टे यांवर तो रुळला. सोन्याचे आवरण दिलेला सिलिका तंतू सुमारे ७०० अंश सोसतो, म्हणजे भट्टीत नाही पण हेडरवर आणि पेंटहाउसमध्ये जगू शकतो. त्याची मर्यादाही सांगायला हवी. तो मीटरभराची सरासरी देतो, आणि नळी जळते ती तळहाताएवढ्या ठिकाणी.

व्यवहारी माणसाचा आक्षेप शेवटी पैशांचा असतो, आणि इथे तोच सर्वांत टिकाऊ ठरला आहे. थर्मोकपल स्वस्त, कुठल्याही फिटरला बसवता येणारे, ओव्हरहॉलला बदलून टाकण्याजोगे. भट्टीतल्या वायूसाठी ध्वनीचे पायरोमीटर आणि लेसर-शोषणाची साधने आहेत, ज्यांना आगीत काहीच घालावे लागत नाही. मग सफायर कशाला? बॉयलर एका भारावर स्थिर चालत होता तोवर या प्रश्नाला चांगले उत्तर नव्हते. गणिताने भरलेली फट चालून जात होती, कारण रोजचा दिवस कालच्यासारखा होता. आता तसे नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाच्या युनिटना ५५ टक्के भारापर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरता यायला हवे असे ठरवले. दुपारी सौरवीज आली की खाली, संध्याकाळी पुन्हा वर. कमी भाराला वाफ नळ्यांतून असमान वाहते, काही नळ्या उपाशी राहून तापतात, आणि स्थिर भारावर बेतलेले गणित नेमके तिथेच फसते. भारतीय कोळशात राख ३०-४० टक्क्यांच्या घरात, त्यामुळे परदेशातली समीकरणे उसनी आणून भागत नाही. दुसरीकडे भेल, एनटीपीसी आणि कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र ७०० अंशांपलीकडच्या वाफेच्या बॉयलरवर काम करत आले आहेत, म्हणजे एडिस्टोनने सोडलेल्या आकड्याच्याही वर.

तरीही प्रत्येक नळीवर सफायर बसेल असे मला वाटत नाही. हा स्फटिक संथपणे वाढवावा लागतो आणि त्याचे तंतू आजही मीटरांत मिळतात, किलोमीटरांत नाही. व्हर्जिनिया टेकच्याच गटाने २०१६ च्या सुमारास सफायरच्या तंतूतही रामन-उजेडाने हजार अंशांच्या वर जागोजागचे तापमान वाचून दाखवले, पण तो तंतू काही मीटरांचाच होता. जास्त संभव दिसतो तो असा की सिलिकाचा धागा पेंटहाउसमध्ये तारांशेजारी राहील, आणि ज्वाळेसमोर दोन-चार निवडक नळ्यांवर सफायर असेल. त्याच्या आकड्यांशी पेंटहाउसमधल्या तारांचे आकडे आणि मधले गणित पडताळून घेतले जाईल. थर्मोकपल जाणार नाही. त्याचे माप तपासायला लागणारे प्रमाण आजवर बॉयलरपासून दूर कुठल्या तरी प्रयोगशाळेत होते, ते आता युनिट चालू असताना त्याच भट्टीत ठेवता येऊ लागले आहे.